वडिलांना सीनियर लिव्हिंगमध्ये ठेवलं तर केअर नेमकी काय मिळते, की नुसतं हॉटेलसारखं राहणं असतं?

मी अशाच एका ठिकाणी नर्सिंगचं बघते, त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगते. तुम्ही लिहिलंय की वडील ७८ चे आहेत, एकटे राहतात आणि हल्ली दोनदा पडले. हॉटेल की केअर हे तुम्ही त्यांच्यासाठी काय घेता त्यावर आहे. इंडिपेंडंट लिव्हिंग घेतलंत तर ते खरंच बरंचसं हॉटेल, म्हणजे स्वतःची खोली, जेवण, साफसफाई आणि अडचण आली तर दाबायला एक बटण. असिस्टेड लिव्हिंगमध्ये अंघोळ, कपडे, गोळ्या याला माणूस येतो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असेल तर त्यासाठीचं मेमरी केअर वेगळं, आणि अंथरुणाला खिळलेल्यांचं अजून वेगळं. लोक पहिल्याचे पैसे भरतात, दुसऱ्याची अपेक्षा धरतात, आणि मग ऑफिसात भांडणं.

म्हणून आधी घरीच बघा की मदत कुठे लागतेय. कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये सहा गोष्टी ठरवल्या होत्या त्या अजूनही वापरतात: अंघोळ, कपडे घालणं, टॉयलेटला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. वडिलांना विचारू नका, "मला सगळं जमतं" हेच उत्तर येणार, दोन दिवस त्यांच्याकडे राहा आणि बघा. ते पडले म्हणताय तर खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो तेही मोजा, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात आणि मग डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता केअर चांगली की वाईट हे कसं कळणार? माझ्या मते सकाळी नऊच्या आत जाऊन बघा. आमच्याकडे एक आजोबा आहेत, थरथरत्या हातांनी शर्टाची बटणं लावतात, पाच बटणांना दहा मिनिटं जातात, एखादं खालच्या काजात जातं मग परत काढून लावतात. एका नवीन मुलाने प्रेमानेच रोज पटापट लावून द्यायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांत आजोबांनी हातच वर करणं सोडलं, नुसते उभे राहायला लागले. परत सवय लावायला खूप वेळ गेला. स्टाफ कमी असला की हेच होतं बघा, माणसाला स्वतः करू द्यायला जास्त वेळ लागतो, करून टाकायला कमी. त्यामुळे सगळे लवकर आवरून टापटीप बसलेले दिसले तर लगेच खूश होऊ नका.

रात्रीचं तर विचाराच. दिवसा सगळीकडे माणसं असतात, रात्री दोन वाजता एका मजल्यावर किती जण जागे असतात? बेल वाजल्यावर किती वेळात येतात, त्याची नोंद ठेवता का? पडणं बरेचदा रात्री टॉयलेटला उठतानाच होतं, अंधार, झोप, त्यात बीपीची किंवा झोपेची गोळी. गोळ्या कोण देतं, नवीन गोळी आली की जुन्यांशी कोण ताडून बघतं हेही विचारा.

आणि एक, अचानक कुणी असंबद्ध बोलायला लागलं तर "वय झालं" म्हणून सोडून देणारी जागा नको. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन औषध यानेसुद्धा म्हातारी माणसं एका दिवसात गोंधळतात आणि वेळेत बघितलं तर बरीच सावरतात.

अॅक्टिव्हिटीचा बोर्ड सगळीकडेच भरलेला असतो, त्यावर जाऊ नका, हॉलमध्ये प्रत्यक्ष किती जण येऊन बसलेत ते बघा. तुमचे वडील मुळातच कमी बोलणारे असतील तर त्यांना ओढून नेणाऱ्यांपेक्षा पेपर वाचताना दोन शब्द बोलणारा एखादा माणूस जास्त उपयोगाचा.

करारात दोन ठिकाणी नीट वाचा. तब्येत खालावली तर इथेच ठेवणार की दुसरीकडे न्या म्हणणार, आणि हॉस्पिटलमध्ये असताना खोलीचे पैसे चालू राहतात का. डिपॉझिट परत कधी, किती कापून, हे तोंडी ऐकून घेऊ नका, लेखी घ्या.

शक्य असेल तर आधी थोडे दिवस ट्रायलवर ठेवा, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. जाताना प्रत्येक कपड्यावर नाव घाला, चष्म्याच्या आणि कानाच्या मशीनच्या डबीवर पण, लॉन्ड्रीत अदलाबदल होतेच होते, कितीही चांगली जागा असली तरी.