रोटरी, लायन्ससारख्या सेवाभावी क्लबात नव्याने आलेल्यांसाठी

पहिलं वर्षभर पदाच्या मागे लागू नका. सभेला नियमित या आणि दर वेळी नव्या माणसाशेजारी बसा. बाकी प्रोटोकॉल, कोटावर लावायची क्लबची पिन वगैरे आपोआप कळतं.

पाहुण्या वक्त्याची जबाबदारी आली तर त्यांना वेळ आधीच स्पष्ट सांगा: वीस मिनिटं भाषण, दहा मिनिटं प्रश्न. ओळख चार वाक्यांत आटपा. अख्खा बायोडेटा वाचणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यात भर नको!

खरी कसोटी निधी गोळा करताना लागते. ‘समाजकार्याला मदत करा’ म्हटलं की लोक खिशात हात घालत नाहीत. नेमकं काम, एकूण खर्च आणि जमलेली रक्कम सांगा. रोटरीने १९८५ साली पोलिओ हे एकच लक्ष्य धरलं आणि जगभरातून पैसा उभा राहिला. पावती त्याच दिवशी द्या. लोकांकडून आलेला पैसा लोकांच्याच कामी लागला पाहिजे. लायन्स क्लबांत तर तसा नियमच आहे. सभेचं जेवण, हारतुरे, छपाई यांचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून करा. दोन्ही खाती पहिल्या दिवसापासून वेगळी हवीत. खजिनदार कंटाळा करत असेल तर पाठपुरावा करा, भले तो चिडला तरी.