घरासाठी नवी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? आधी ती रात्री कुठे उभी राहणार ते ठरवा

तुम्ही विचारलंय: घरात चौघं, रोजचं जाणं-येणं 45 किलोमीटर, वर्षातून चार-पाच वेळा 500 किलोमीटरचा प्रवास. जुनी पेट्रोल गाडी काढायची आहे. पसंत पडलेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी 60 युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास) आणि कंपनीने सांगितलेली रेंज 450 किलोमीटर. घ्यावी का?

रेंजचं नंतर बघू. तुम्ही सगळं लिहिलंत, पण गाडी रात्री कुठे उभी राहते ते लिहिलं नाही, आणि निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो. गाडी लावायची हक्काची जागा आणि तिथे तुमच्या मीटरवरचा प्लग असेल, तर बाकीच्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. तो नसेल आणि दर चार दिवसांनी सार्वजनिक चार्जरवर जाऊन तासभर बसावं लागणार असेल, तर सध्या थांबा किंवा हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेली गाडी) बघा. पहिल्या महिन्यात हौस असते, तिसऱ्या महिन्यापासून कटकट वाटायला लागते.

प्लग म्हटलं की लोक लगेच मोठ्या चार्जरचा विचार करतात. तुमचा आकडा घ्या. 45 किलोमीटरला, 100 किलोमीटरमागे 15 युनिट धरून, पावणेसात युनिट लागतील. चार्जिंगमध्ये 10 ते 15 टक्के वाया जातात, म्हणजे मीटरवर साडेसात-आठ युनिट दिसतील. साधा 15-16 अँपियरचा प्लग ताशी साधारण 3 युनिट देतो. अडीच-तीन तासांत काम झालं, आणि गाडी रात्रभर उभीच असते. सात किलोवॅटचा चार्जर सोयीचा असतो, पण तो नाही म्हणून गाडी अडत नाही.

आता खर्च. प्रत्येकाचा विजेचा आणि पेट्रोलचा भाव वेगळा, त्यामुळे दुसऱ्याचा हिशोब तुमच्या कामाचा नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: एक लिटर पेट्रोलच्या पैशात मला किती युनिट वीज मिळते? तुमची पेट्रोल गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल, आणि इलेक्ट्रिक गाडी मीटरवरच्या एका युनिटला सुमारे 6 किलोमीटर, तर सीमारेषा अडीच युनिटांवर येते. लिटरच्या पैशात अडीचपेक्षा जितकी जास्त युनिटं येतील तितकी तुमची बचत. तुलना लिटरला 22 देणाऱ्या हायब्रिडशी असेल तर सीमा पावणेचार युनिटांवर जाते. हा हिशोब दोनदा करा, एकदा घरच्या दराने आणि एकदा हायवेवरच्या फास्ट चार्जरच्या दराने. घरच्या दराने बहुतेकांना भरपूर बचत दिसते. फास्ट चार्जरवर ती बरीच आटते, काही ठिकाणी नाहीशीच होते. म्हणून पुन्हा प्लगवरच येतो.

बचत किलोमीटरला चिकटलेली असते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच फिरणार असाल तर गाडीच्या किमतीतला फरक इंधनातून वसूल व्हायला फार वर्षं लागतील. तुमच्या 45 किलोमीटरमध्ये सुट्ट्या वजा केल्या तरी तेरा-चौदा हजार होतात, त्यामुळे तुमचा हिशोब बसण्याची शक्यता चांगली आहे. मात्र दर तीन वर्षांनी गाडी बदलायची सवय असेल तर जपून. नवीन मॉडेलं भराभर येतात, बॅटऱ्या स्वस्त होतात आणि जुन्या गाडीचा भाव त्या मानाने लवकर उतरतो. आठ-दहा वर्षं ठेवणाऱ्याला याचा फारसा त्रास नाही.

प्लगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गडबड सगळ्यात जास्त इथे होते. मिक्सर किंवा इस्त्री दहा-वीस मिनिटं चालते. गाडी पूर्ण क्षमतेने सलग तीन तास, आणि बॅटरी जास्त रिकामी असेल तर आठ-आठ तास करंट ओढते. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या असतील तर त्या सांध्याचा रोध वाढतो. तो फक्त 0.1 ओहम धरला तरी 16 अँपियरला तिथे 25 वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग गनची उष्णता एका पिनेच्या टोकाशी, रात्रभर. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. त्यामुळे गाडीसाठी सॉकेट नवं, चांगल्या प्रतीचं आणि स्वतंत्र वायरवर घ्या. एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. 

भिंतीवरचा 32 अँपियरचा चार्जर बसवणार असाल तर मीटरपासून स्वतंत्र तांब्याची केबल हवी, 6 चौरस मिलिमीटरची, आणि अंतर 20-25 मीटरच्या पुढे असेल तर 10 ची. एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) 40 अँपियरचा. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडून झटक्यापासून वाचवणारा स्विच) 30 मिलीअँपियरचा, पण कोणत्या प्रकारचा ते नीट विचारा. गाडीच्या चार्जरमधून थोडा डीसी करंट गळू शकतो, आणि साधा ‘एसी’ नावाच्या प्रकारचा आरसीसीबी अशा करंटने आंधळा होतो, मग खरा झटका बसतो तेव्हा पडतच नाही. चार्जरमध्येच 6 मिलीअँपियर डीसी गळती ओळखण्याची सोय असेल तर ए प्रकार चालतो, नसेल तर बी प्रकार लागतो. अर्थिंग मोजून घ्या. बऱ्याच गाड्या अर्थिंग खराब असेल तर चार्जच होत नाहीत, आणि लोक गाडीला दोष देतात. एसी, गिझर आणि गाडी एकदम चालू झाली तर घराचा मंजूर भार (वीज कंपनीने तुमच्या मीटरला मंजूर केलेले किलोवॅट) पुरतो का, हेही आधीच बघा.

आता रेंज. 450 हा आकडा खोटा नाही, फक्त तो तुमच्या प्रवासाचा नाही. रेंज मोजण्याच्या डब्ल्यूएलटीपी नावाच्या प्रमाणित चाचणीचा सरासरी वेग ताशी 46.5 किलोमीटर असतो, तापमान 23 अंश आणि एसी बंद. शहरात जपून चालवलीत तर त्याच्या जवळपास जाल. हायवेवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 100 वरून 120 वर गेलात तर तो 44 टक्क्यांनी जास्त. आणि पेट्रोल गाडीच्या उलट, ही गाडी शहरात कमी खाते आणि हायवेवर जास्त, ब्रेक मारताना बॅटरीत परत येणारी वीज तिथे नसते.

तुमचा 500 किलोमीटरचा प्रवास मांडून बघू. ताशी 110 ला, चार माणसं आणि सामान धरून, 100 किलोमीटरला 19 युनिट लागतील. घरून 100 टक्क्यांवर निघून 10 टक्क्यांपर्यंत आलात तर 54 युनिट वापरले, म्हणजे 280 किलोमीटर. पुढे 10 ते 80 टक्के भरलं की 42 युनिट, म्हणजे 220 किलोमीटर. एका थांब्यात जेमतेम पोचाल आणि पोचल्यावर बॅटरीत 10 टक्केच उरलेले असतील. त्यामुळे मुक्कामी चार्जिंगची सोय आहे का ते आधी विचारून निघा, नाहीतर शेवटी अजून एक छोटा थांबा धरा. टपावर सामानाची पेटी बांधणार असाल तर यात आणखी 10-15 टक्के घट पकडा. मागे ट्रेलर जोडायचा असेल तर रेंज जवळपास निम्मी होते, तशा वापराला मी इलेक्ट्रिक सुचवणार नाही.

थंडीत केबिन गरम करायला साध्या हीटरला 2 ते 4 किलोवॅट लागतात. कडक थंडीच्या ठिकाणी राहत असाल तर हीट पंप (कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा) असलेलं मॉडेल घ्या. एसीची भीती मात्र उगाच आहे. केबिन एकदा थंड झाली की तो तासाला साधारण एक युनिट घेतो, म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकलेला एक तास तुमचे सहा किलोमीटर खातो, बस.

शोरूममध्ये फास्ट चार्जिंगचा एक भला मोठा आकडा सांगतात: 100 किलोवॅट, 150 किलोवॅट. तो कमाल वेग असतो, सहसा थोडाच वेळ टिकतो. तुम्ही एवढंच विचारा की 10 ते 80 टक्क्यांना किती मिनिटं लागतात. 60 युनिटच्या गाडीला 40 मिनिटं लागत असतील तर सरासरी 63 किलोवॅट निघते, आणि तीच तुलनेला धरा. 80 च्या पुढे सेल वाचवण्यासाठी गाडी स्वतःच वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या सत्तर टक्क्यांइतका वेळ गेला तर नवल नाही, तेव्हा हायवेवर 80 ला केबल काढा आणि निघा. मागे थांबलेलाही दुवा देईल. आणि चार्जर 50 किलोवॅटचा असेल तर तुमच्या गाडीची क्षमता कितीही असो, वीज 50 नेच येणार. म्हणून नेहमीच्या रस्त्यावर कोणते चार्जर आहेत आणि एका जागी किती आहेत, ते गाडी घेण्याआधी एकदा स्वतः जाऊन बघा. एकच चार्जर असलेल्या जागेवर प्रवास आखू नका.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, कारण वागवण्याची पद्धत वेगळी आहे. एलएफपी वजनाने जड, पण जास्त चार्ज-फेऱ्या सहन करते. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे किती टक्के उरलंय याचा गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. तो ताळ्यावर यावा म्हणून बहुतेक कंपन्या आठवड्यातून एकदा 100 टक्के भरायला सांगतात. ते केलं नाही तर 12 टक्के दिसत असताना गाडी अचानक दमू शकते. एनएमसी त्याच वजनात जास्त रेंज देते, पण तिला रोज 80 टक्क्यांवर थांबवावं आणि 100 फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री भरावं. दोघींनाही सगळ्यात वाईट म्हणजे पूर्ण भरून उन्हात दिवसचे दिवस उभं राहणं. बॅटरीला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था नसेल तर उष्ण हवामानात ती गाडी घेऊ नका, इथे मी तडजोड सुचवणार नाही.

साधारण वापरात क्षमता वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घटते, सुरुवातीला जरा जास्त. वॉरंटी बहुतेक ठिकाणी 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर असते, पण मर्यादा वाचा: सहसा क्षमता 70 टक्क्यांच्या खाली गेली तरच दावा होतो. 72 वर थांबली तर तुमचं तुम्ही बघा. गाडी खालून आपटून बॅटरीच्या पेटीला पोचा आला तर ते वॉरंटीत नसतं, विम्यात असतं. विम्याच्या कागदात बॅटरीचा उल्लेख स्पष्ट आहे का बघा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. बॅटरी गाडीच्या तळाशी असल्याने मागची फरशी वर येते, पण सीट तितकी वर येत नाही. उंच माणूस मागे बसला की गुडघे वर आणि मांड्या अधांतरी. दहा मिनिटांत जाणवत नाही, दोन तासांनी कंबर बोलते. म्हणून घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवून अर्धा तास फिरा. मुलांची सीट असेल तर ती आयसोफिक्सला (गाडीच्या सीटमधल्या, मुलांची सीट अडकवायच्या कड्यांना) लावून बघा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी जोरात मंदावते ती पातळी कमी करून घ्या, त्या हिसक्यांनी मागे बसलेल्या मुलांना मळमळतं. डिकीत केबल ठेवून मग सामानाची जागा मोजा. स्टेपनी आहे का ते विचाराच. अनेक मॉडेलांत फक्त पंक्चर किट देतात, आणि टायर बाजूने फाटला तर त्याचा काही उपयोग नाही. अशा वेळी गाडी टोचन करून नेता येत नाही, चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतले भाग जळू शकतात. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.

सर्व्हिसिंगचा खर्च कमी येतो हे खरं, पण शून्य नाही. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं, बॅटरीचं कूलंट कंपनीच्या वेळापत्रकानुसार. ब्रेक फार कमी वापरले जातात म्हणून डिस्कवर गंज धरतो, आठवड्यातून एकदा जरा जोरात ब्रेक मारत जा. टायर वजनामुळे आणि ताकदीमुळे लवकर झिजतात.

डिलिव्हरीच्या दिवशी गाडीची उत्पादनाची तारीख बघा. आठ-दहा महिने यार्डात उभी असेल तर किंमत कमी करून मागा. बॉनेटखालची 12 व्होल्टची छोटी बॅटरीही तपासायला लावा. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेल्यासारखी पडते त्याचं नेहमीचं कारण हीच असते, आणि यार्डात उभ्या गाड्यांची तीच आधी बसते. पूर्ण पैसे देण्याआधी एकदा साध्या प्लगवर आणि एकदा फास्ट चार्जरवर चार्ज होऊन दाखवायला सांगा.

तुमच्या वापराला, हक्काचा प्लग असेल तर, मी ही गाडी घ्या म्हणेन. गाडी उभी राहण्याची जागा मीटरपासून किती मीटर लांब आहे आणि मंजूर भार किती आहे तेवढं कळवा, केबल आणि एमसीबीचा हिशोब करून देतो.