आवारातील पालापाचोळा जाळण्याची परवानगी कोणाकडे मागावी?

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमची छत्तीस सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. आवारात पर्जन्यवृक्ष, आंबा आणि दोन बदामाची झाडे असल्यामुळे थंडीच्या दिवसांत पाला फार पडतो. कचऱ्याची गाडी तो उचलत नाही, म्हणून झाडलोट करणारा कामगार दोन-तीन दिवसांनी तो आवाराच्या कोपऱ्यात जाळतो. डिसेंबर २०२५ मध्ये महापालिकेच्या कर्मचाऱ्याने १,००० रुपये दंडाची पावती त्या कामगाराच्या नावाने फाडली आणि नंतर संस्थेला नोटीस आली. ५,००० रुपये पर्यावरण भरपाई का वसूल करू नये, याचा खुलासा सात दिवसांत मागितला आहे. तळमजल्यावरच्या एका सभासदाने वडिलांच्या दम्याचे कारण देऊन पोलिसांकडेही तक्रार केली आहे. आवार आमच्या मालकीचे आहे. तेथे पाला जाळण्याचा रीतसर परवाना कोठे मिळतो? दंड १,००० की ५,०००? तो कामगाराच्या पगारातून कापावा असे समितीचे मत आहे, ते योग्य आहे का? शेजारच्या मोकळ्या भूखंडावर रात्री वायरी जाळतात, त्यांना मात्र कोणी हटकत नाही. सोबत चार छायाचित्रे जोडली आहेत. (संस्थेचे सचिव)

उत्तर : सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

परवान्याचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. मुंबईत कचरा उघड्यावर जाळण्यासाठी परवाना, ना-हरकत प्रमाणपत्र किंवा शुल्क भरून मिळणारी सवलत अशी कोणतीही सोय नाही, आणि पालापाचोळा हा कायद्याच्या दृष्टीने कचराच आहे. त्यामुळे विभाग कार्यालयात तसा अर्ज कृपया देऊ नका. अर्ज दिल्याने परवानगी तर मिळणार नाहीच, उलट आपण आजवर नियमितपणे जाळत होतो याची लेखी कबुली मात्र महापालिकेच्या फाईलला लागेल.

‘आवार आमचे आहे’ हा मुद्दा आपल्याला कोणी तरी सुचवलेला दिसतो, आणि तो अगदीच हवेतला आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या डिसेंबरमधल्या घटनेला लागू असलेल्या, म्हणजे केंद्र सरकारने ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित केलेल्या आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत अमलात असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांच्या चौथ्या नियमात, कचरा निर्माण करणाऱ्याने आपल्या आवाराबाहेरील रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत, गटारात किंवा जलाशयात तो टाकू नये, जाळू नये किंवा पुरू नये, असे म्हटले आहे. ‘आवाराबाहेरील’ या शब्दावर बोट ठेवून आवाराच्या आत जाळायला मोकळीक आहे असा अर्थ काढला जातो. पण हा पोटनियम दुसरा आहे, आणि त्याच्या वरचा पहिला पोटनियम वाचला की हा अर्थ टिकत नाही. तेथे बागेतला व झाडांचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि त्याची विल्हेवाट स्थानिक संस्थेच्या निर्देशांप्रमाणे लावावी, असे स्पष्ट बंधन घातलेले आहे. म्हणजे आवाराच्या आतल्या पाल्याबाबत नियम गप्प नाही. तो आपल्याला महापालिकेच्या निर्देशांशी बांधतो. आणि महापालिकेचे निर्देश काय आहेत, तर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शहराची हवा बिघडली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, त्याच सुमारास म्हणजे २५ ऑक्टोबर २०२३ रोजी महापालिकेने जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत महापालिका क्षेत्रात उघड्यावर कचरा जाळण्यास संपूर्ण बंदी घातलेली आहे. त्यात खाजगी आवार आणि सार्वजनिक जागा असा भेद नाही.

त्याही आधी, २२ डिसेंबर २०१६ रोजी, घनकचऱ्याच्या प्रश्नावर याचिका करणाऱ्या अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभर उघड्यावर कचरा जाळण्यावर पूर्ण बंदी घातली. ही बंदी कचराभूमींनाही लागू केली. देवनारची कचराभूमी त्याच वर्षी जानेवारीत अनेक दिवस धुमसत होती हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. या आदेशात साध्या जाळण्यासाठी प्रत्येक घटनेमागे ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्यासाठी २५,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवून दिली आहे. आपल्या नोटिशीतला ५,००० चा आकडा येथून आलेला आहे. पावतीवरचे १,००० रुपये मात्र महापालिकेच्या स्वतःच्या दंडाचे आहेत. पूर्वी हा दंड अवघा १०० रुपये होता, एप्रिल २०२५ पासून तो १,००० झाला.

म्हणून ‘१,००० की ५,०००’ असा प्रश्न येथे उद्भवत नाही. पहिली रक्कम नियम मोडल्याचा दंड आहे आणि दुसरी हवेच्या नुकसानीची भरपाई. एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा नको, हे तत्त्व भरपाईला लावता येत नाही, आणि दंड भरला म्हणून भरपाईची मागणी आपोआप गळून पडत नाही. आपल्या हाती असलेला उपाय एवढाच की खुलासा असा द्यायचा, की तो वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पुढे जाण्याची गरज वाटू नये.

खुलाशाचा मसुदा करण्यापूर्वी आपण पाठवलेल्या छायाचित्रांविषयी बोलणे आवश्यक आहे. ‘फक्त वाळका पाला होता’ हे दाखवण्यासाठी आपण ती पाठवली आहेत. मी ती मोठी करून पाहिली. पहिल्या छायाचित्रात राखेच्या कडेला दुधाच्या दोन पिशव्यांचे अर्धवट वितळलेले, आकसलेले कोपरे स्पष्ट दिसतात, आणि एका पिशवीवरचा निळा छाप अजून शाबूत आहे. तिसऱ्यात पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याची साल एका बाजूने गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळवंडलेली आहे आणि खालच्या भागात ती सुटून आली आहे. ही छायाचित्रे खुलाशाला जोडू नका, आणि खुलाशात ‘फक्त पाला’ हे शब्दही वापरू नका, कारण महापालिकेच्या कर्मचाऱ्यानेही त्या दिवशी फोटो काढलेले असणार. सरकारी कागदावर केलेले खोटे विधान मूळ चुकीपेक्षा महागात पडते.

त्या काळवंडलेल्या बुंध्याकडे आपले लक्ष गेलेले नसावे, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात ‘झाड तोडणे’ या शब्दांच्या व्याख्येत झाड जाळणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे यांचाही समावेश आहे. बुंध्याशी पाल्याचा ढीग रचून पेटवत राहिलात आणि उद्या ते झाड वाळले, तर प्रकरण कचऱ्याच्या दंडावर थांबणार नाही. वृक्ष अधिकाऱ्यांकडे जाईल, आणि तेथे दंडाबरोबर कारावासाचीही तरतूद आहे. आजच कामगाराला सांगून तो कोपरा मोकळा करून घ्या आणि त्या झाडाला पाणी द्या.

आता कामगाराविषयी. त्याच्या पगारातून एक रुपयाही कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नियमांनुसार कचरा निर्माण करणारी आहे ती संस्था; तो माणूस नव्हे. आपणच लिहिले आहे की तो दोन-तीन दिवसांनी जाळतो, म्हणजे हे सर्वांच्या देखत, समितीच्या माहितीत चालू होते. मालकाच्या सांगण्यावरून किंवा त्याच्या मूक संमतीने केलेल्या कामाची जबाबदारी मालकावर येते. ज्याने काडी ओढली त्याच्या नावाने पावती फाडली गेली, एवढ्याने जबाबदारी त्याच्याकडे सरकत नाही. पहाटे पाच वाजता येऊन छत्तीस घरांच्या दाराशी झाडू मारणाऱ्या माणसावर सभासदांच्या सोयीचा भुर्दंड टाकणे मला अन्यायाचे वाटते. दंडाची रक्कम संस्थेच्या निधीतून भरा, पावतीच्या झेरॉक्सवर ‘संस्थेतर्फे भरणा’ अशी नोंद करून ती दफ्तरी ठेवा, आणि यापुढे काहीही जाळायचे नाही अशी लेखी सूचना त्याला मराठीत व त्याच्या भाषेत वाचून दाखवून त्याची सही घ्या. ही सूचना पुढे आपल्याच उपयोगी पडेल.

तळमजल्यावरच्या सभासदाच्या तक्रारीकडे ‘आपसातले भांडण’ म्हणून पाहू नका. त्यांच्या खिडकीपासून तो कोपरा बारा फुटांवर आहे, हे आपल्याच आराखड्यात लिहिलेले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० खाली आरोग्याला अपायकारक होईल अशा रीतीने हवा दूषित करणे हा गुन्हा आहे; शिक्षा १,००० रुपयांपर्यंतच्या दंडाची आहे आणि गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस सहसा नोंद करून न्यायालयाचा रस्ता दाखवतात. कलम २८७ मात्र वेगळे आहे. आगीबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका किंवा इजा होण्याची शक्यता निर्माण केली, तर सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात आगीच्या जागेपासून हातभर अंतरावर स्कूटर उभी आहे. पोलिसांपुढे हेच छायाचित्र गेले तर कोणते कलम त्यांच्या मनात येईल याचा विचार करा. त्या सभासदाकडे अध्यक्षांना घेऊन स्वतः जा, वडिलांची चौकशी करा, समितीने जाळणे बंद केल्याचा ठराव त्यांच्या हाती द्या. दम्याच्या माणसाला धुराने रात्र बसून काढावी लागते, आणि ज्यांनी ती काढली आहे त्यांना क्षमायाचनेपेक्षा पुन्हा धूर होणार नाही याची खात्री हवी असते. ती मिळाल्यावर तक्रार मागे घेतली जाण्याची शक्यता बरीच आहे.

आता खुलासा. तो सात दिवसांच्या आत, विभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, आवक क्रमांक घेऊन द्यावा. त्यात घडलेली घटना मान्य करावी. आवाराच्या मालकीचा वाद घालू नये. दंड संस्थेने भरला असून समितीने अमुक तारखेच्या सभेत उघड्यावर जाळणे कायमचे बंद करण्याचा ठराव केला आहे असे लिहून ठरावाची प्रत जोडावी. आणि ही पहिलीच नोटीस असल्याने भरपाईची कारवाई करू नये अशी विनंती करावी. त्यानंतर माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद येतो. कचऱ्याची गाडी पाला नेत नाही ही आपली अडचण खरी आहे, पण ती आजवर आपण तोंडीच सांगत आला आहात. नियम ‘स्थानिक संस्थेच्या निर्देशांप्रमाणे’ विल्हेवाट लावा असे म्हणतो, तर ते निर्देश लेखी मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. म्हणून असे लिहा : ‘आमच्या आवारात वेगळा साठवलेला पालापाचोळा व फांद्या कोणत्या वारी, कोणत्या वाहनातून उचलल्या जातील, याबाबत आपले निर्देश कृपया लेखी कळवावेत.’ उत्तर आले तर प्रश्न सुटला. पंधरा दिवसांत आले नाही तर स्मरणपत्र द्या आणि महापालिकेच्या १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. हे जाळण्याचे समर्थन म्हणून कधीही चालणार नाही, पण पुढे कोणी संस्थेवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला तर हाच कागद आपल्या बाजूने बोलेल.

तोवर पाल्याचे काय करायचे, हा प्रश्न वकिलाचा नाही, तरीही अनेक संस्थांत पाहिलेले सांगतो. कोंबडीच्या जाळीचा साधारण तीन फूट व्यासाचा, चार फूट उंचीचा उभा पिंप करून त्यात पाला दाबून भरायचा, मधूनमधून मातीचा आणि शेणाच्या पाण्याचा थर द्यायचा आणि आठवड्यातून दोनदा ओलावा राखायचा. ढीग आठवड्यागणिक खाली बसत जातो, म्हणून लहान जागाही पुरते, आणि तीन-चार महिन्यांत कुंड्यांना घालण्याजोगे खत होते. नारळाच्या झावळ्या आणि जाड फांद्या यात घालू नका. त्या वेगळ्या बांधून ठेवा. दुधाच्या पिशव्या मात्र सुक्या कचऱ्यातच गेल्या पाहिजेत.

शेजारच्या भूखंडाबद्दल आपला राग रास्त आहे, परंतु दुसऱ्याला पकडले नाही म्हणून मलाही सोडा, हा बचाव न्यायालये मान्य करत नाहीत. खुलाशात त्याचा उल्लेख करू नका. स्वतंत्र तक्रार करा. तांब्यासाठी वायरीचे आवरण जाळताना निघणारा तो काळा, घशाला झोंबणारा धूर पाल्याच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो, कारण त्या आवरणात क्लोरिनयुक्त प्लास्टिक असते आणि ते जळताना डायॉक्सिनसारखी द्रव्ये तयार होतात. तक्रारीत तारखा, वेळा आणि लांबून, आपल्याच गच्चीवरून काढलेली छायाचित्रे द्या. रात्री तेथे जाऊन वाद घालू नका. तक्रार विभाग कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोन्हींकडे एकाच वेळी करा. दोन्हीकडे दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश मागता येतो, किंवा पुण्यातील हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय पीठाकडे जाता येते. न्यायाधिकरणाकडे जायचे तर दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून पहिल्या घटनेची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.

नोटिशीच्या सात दिवसांपैकी आपले पत्र माझ्यापर्यंत पोहोचेतो तीन गेले आहेत. समितीची तातडीची सभा उद्याच बोलवा. खुलाशाचा मसुदा सहीपूर्वी मला दाखवलात तर मी त्याच दिवशी पाहून देईन.