वजनकाट्यावर फॅट ३४%, जिममधल्या कॅलिपरवर २७%. मी २१ वर्षांची, खरं काय धरू?

दोन्ही अंदाजच. तरी एक निवडायचं तर मी कॅलिपर (कातडीची घडी पकडून जाडी मोजायचा चिमटा) धरेन, तेही ते लावायला शिकलेल्या बाईच्या हातातलं.

मी खो-खो खेळायचे तेव्हाची गोष्ट. सोलापूरचा मे, पारा ४२ च्या वर. सराव करून, घामानं निथळत जिमला गेले, तर ट्रेनरनं बूट काढून काट्यावर उभं केलं. आकडा आला ३३. हे महाशय ट्रेडमिलवरच्या पोरींना ऐकू जाईल असं म्हणतात, "दिसायला बारीक, आत सगळी चरबीच की ओ!" डोकंच फिरलं माझं. अहो, तो काटा चरबी मोजतच नाही! एका तळव्यातून बारीकसा करंट सोडतो, विरोध किती झाला ते बघतो, त्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज काढतो. पुढचं गणित वय, उंची, वजनाचं. अंग सुकलेलं असलं की विरोध वाढतो आणि चरबीचा आकडा फुगतो. करंट जातो मुख्यतः पायांतून, पोटाचं अंदाजपंचे. उंची तर ट्रेनरनं नजरेनंच टाकलेली.

नंतर आमच्या बीपीएडच्या (शारीरिक शिक्षणाच्या) मॅडमनी कॅलिपर लावलं. दंडाच्या पुढं, मागं, पाठीच्या फऱ्याखाली, कमरेच्या हाडाच्या वर. कपड्यावरून नाही. कातडी स्नायूपासून सुटी उचलायची, दोन सेकंद थांबून वाचायचं, प्रत्येक जागी पुन्हा घ्यायचं. आलं २५. ट्रेनर म्हणे, "मशीन इंपोर्टेड आहे, चिमट्याचं काय घेऊन बसलीस!"

आता कॅलिपरला पोटाच्या आतली चरबी कळत नाही, हेही खरं. कातडीच्या जाडीवरून चरबीचा टक्का काढायचं त्याचं ड्युर्निन-वॉमर्स्ली सूत्र १९७४ चं, स्कॉटलंडच्या लोकांवरून बसवलेलं. आपल्याकडं बारीक अंगातही चरबी निघते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा नि ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१. म्हणजे ट्रेनरचं वाक्य कुणाला तरी लागू होतंच. मला लावायला त्याच्याकडं काही आधार नव्हता, एवढंच.

डेक्सा (क्ष-किरणांचं स्कॅन) जास्त भरवशाचं, पण नुसत्या कुतूहलापोटी पैसे घालू नकोस. (गरोदर असशील तर नकोच.) त्यापेक्षा कमरेला टेप लाव, ८० सेंटिमीटरच्या आत आहे का बघ. काट्यावर उभं राहायचंच तर सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी; पाळीच्या दिवसांतला आकडा सोडून दे. मात्र पाळीच बंद झाली असेल तर आकडे राहू दे, डॉक्टरीणबाईंना गाठ.

आणि जिममध्ये कुणी तुझा आकडा मोठ्यानं वाचलाच, तर तितक्याच मोठ्यानं विचार, "उंची किती टाकलीस रे?"