टाळूतला स्क्रू आणि सत्ताविशीतली शस्त्रक्रिया

प्रश्न : माझे वय 27 आहे. वरचा जबडा अरुंद असल्याने तोंड मिटले की डावीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. तारा लावण्यापूर्वी शस्त्रक्रियेने जबडा रुंद करावा लागेल, असे ऑर्थोडॉन्टिस्टनी सांगितले आहे. माझ्या 11 वर्षांच्या भाचीचे हेच काम घरी चावी फिरवून झाले. मग मलाच शस्त्रक्रिया का, आणि दाढा एकाच बाजूच्या चुकत असताना ती दोन्ही बाजूंना का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वरचा जबडा दोन अर्ध्या हाडांचा असतो आणि ती टाळूच्या मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेली असतात. भाचीच्या वयात ही शिवण सैल असल्यामुळे टाळूत बसवून दाढांना बांधलेल्या, चावीने फिरणाऱ्या स्क्रूच्या जोरानेच ती उकलते. वाढीचे वय सरल्यावर मात्र ती हळूहळू घट्ट होते, आणि गालाच्या हाडाकडचा व दाढांमागचा आधारही ताठर होतो. अशा वेळी नुसता स्क्रू फिरवत राहिल्यास हाड तसेच राहते, दाढा बाहेर कलतात आणि हिरड्या दाढांवरून मागे सरकतात. तुमच्या डॉक्टरांना हेच टाळायचे असावे.

शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन, ओठाच्या आतून, नाकपुडीच्या कडेपासून गालाच्या हाडाखालून मागे जाणारा छेद दोन्ही बाजूंच्या हाडाला देतात, आणि समोरच्या दोन दातांमधून बारीक छिन्नीने शिवण मोकळी करतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. जबडा त्या दिवशी रुंद होत नाही, केवळ अडसर दूर होतो. साधारण 5 ते 7 दिवसांनी चावी सुरू होते : स्क्रूच्या छिद्रात ती घालून, पुढचे छिद्र दिसेपर्यंत घशाच्या दिशेने ढकलायची आणि काढताना स्क्रू उलटा फिरू द्यायचा नाही. बहुतेक स्क्रूंमध्ये एका वेळेस पाव मिलिमीटर, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा मिलिमीटर अंतर वाढते. काही दिवसांत समोरच्या दातांमध्ये फट दिसू लागते. आरशात ती पाहून घाबरलेले रुग्ण मला फोन करतात, पण हाडे खरोखर सरकत असल्याची ती खूण आहे. ती फट पुढे तारांनी बंद होते. हवी तेवढी रुंदी मिळाल्यावर स्क्रू अडकवून काही महिने तोंडातच ठेवतात, कारण मधल्या पोकळीत नवे हाड भरण्याआधी तो काढला तर जबडा मागे येतो.

एका बाजूबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पुष्कळदा जबडा दोन्हीकडे सारखाच अरुंद असतो. दात नीट जुळत नाहीत म्हणून खालचा जबडा मिटताना एका बाजूला सरकतो, आणि दोष त्याच बाजूचा वाटतो. खरोखर एकाच बाजूची हाडे आखूड असतील तर छेदही त्याच बाजूला मर्यादित ठेवता येतो. तुम्ही सावकाश तोंड मिटताना खालच्या दातांची मध्यरेषा सरकते का, हे डॉक्टरांना तपासायला सांगा.

टाळूच्या हाडात चार छोटे स्क्रू रोवून, त्यांच्या आधाराने हाड न कापता रुंदी वाढवण्याची पद्धतही आहे. तरुण वयात ती अनेकांना लागू पडते, मात्र वयाबरोबर यशाची शक्यता घटते. शिवण किती जुळली आहे, हे त्रिमितीय स्कॅनवर पाहूनच निर्णय घ्यावा. जबडा पुढे-मागे किंवा वर-खालीही हलवायचा असेल, तर त्याचे तुकडे करून एकाच बैठकीत बसवतात, पण त्यात मिळणारी रुंदी थोडी असते.

रक्तस्राव, गाल व वरच्या ओठाचा काही आठवडे टिकणारा बधिरपणा, क्वचित दोन्ही बाजू असमान उघडणे, हे धोके संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या. पहिले काही आठवडे मऊ आहार घ्यावा लागतो. ताजी भाकरी दुधात कुस्करून चालेल; आपली कडक भाकरी मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत डब्यातच राहू द्या.