चॉकलेट सॉस आणि पाण्याचा हिशोब

मागच्या अंकात घरच्या आइस्क्रीमबद्दल लिहिलं तेव्हा शेवटी मी "वरून चॉकलेट सॉस सोडा आणि खा" एवढं एका ओळीत उरकलं, आणि तो सॉस करायचा कसा ते काही सांगितलंच नाही. चूक माझीच. मग प्रश्न आले, लई आले. सगळे छापता येत नाहीत, पण वाचताना एक गोष्ट लक्षात आली की दहातल्या आठ जणांचा सॉस पाण्यावरून बिघडलाय. कुणी पाणी आटवून टाकलंय, कुणाच्या चॉकलेटात नको तिथं थेंब पडलाय. आता पाणी कुठं किती वापरायचं हे मराठवाड्यातल्या माणसाला मी काय शिकवणार, पण या सॉसपुरतं सांगते.

लातूरहून एक ताई विचारतात : कोको पावडर आणि साखरेचा सॉस केला. गरम असताना पातळच दिसायलाय म्हणून अजून पंधरा मिनिटं आटवला, तेव्हा छान वाटला. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढला तर बाटलीत दगड, आणि खाताना साखर दाताखाली कचकच वाजायलीय. वर कोकोच्या गुठळ्या राहिल्या त्या वेगळ्याच. लेकीच्या बड्डेला करायचाय, नीट सांगा.

ताई, तुम्ही सॉस नाही, पाक केलात. आपला हातच तसा बसलेला असतो ना, साखर आणि पाणी गॅसवर दिसलं की आपण तार बघायला लागतो. पण एकतारी पाकात पाणी इतकं कमी उरतं की गार झाल्यावर तेवढ्या पाण्यात ती सगळी साखर मावतच नाही, जास्तीची साखर परत खडा धरून बाहेर येते, आणि फ्रीजच्या गारठ्यात तर अजूनच. रव्याच्या लाडवाला तेच हवं असतं, सॉसला नको.

माप असं घ्या : १ वाटी साखर, अर्धी ते पाऊण वाटी कोको पावडर, १ वाटी पाणी, चिमूटभर मीठ. साखर आणि कोको आधी कोरडंच एकत्र करा, चाळून घेतलं तर उत्तमच. कोकोत चरबी असते म्हणून ती नुसती पाण्यावर टाकली की वर तरंगते आणि गोळे धरते, साखरेचे दाणे मधे आले की सुटी राहते. मग त्यात थोडंसंच कोमट पाणी घालून भज्याच्या पिठासारखं घट्ट कालवा, गुठळी मोडायची ती इथंच मोडा, पातळ झाल्यावर ती मोडत नाही, नुसती पळते. मग उरलेलं पाणी. व्हिस्क नसेल तर ताकाची रवी घ्या, मी तर रवीच वापरते. पाणी फिल्टरचं घ्या, बोअरचं खारं पाणी चवीत उतरतं.

मध्यम गॅसवर उकळी आली की बारीक करून ३-४ मिनिटं, बास. कडेला साखरेचे दाणे चिकटलेले दिसले तर मिनिटभर झाकण ठेवा, वाफेनं ते विरघळून खाली उतरतात. ते एक-दोन दाणे राहिले ना, की त्यांच्या भोवती बाकीची साखर जमायला लागते. उकळताना लिंबाचे ४-५ थेंब टाका, आंबटाने थोडी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि ते बाकीच्या साखरेला खडा धरू देत नाहीत. लिंबू नको वाटलं तर चमचाभर मध, तोही तेच काम करतो.

बंद कधी करायचं हा खरा प्रश्न, कारण उकळता सॉस पातळच दिसणार, कोकोत स्टार्च असतो तो गार झाल्यावर अजून दाटतो. म्हणून गंजात बघून ठरवू नका. स्टीलची बशी आधीच फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर एक थेंब टाका, अर्ध्या मिनिटानं बशी तिरपी करा. थेंब मधासारखा हळू सरकला तर झालं, जागचा हललाच नाही तर पुढं गेलात, दोन चमचे पाणी घालून एक उकळी द्या. तुमच्या त्या दगडालासुद्धा हाच इलाज आहे, फेकू नका, पाव वाटी पाणी घालून परत गरम करा, सगळं विरघळेपर्यंत. व्हॅनिला इसेन्स मात्र गॅस बंद केल्यावर घाला, उकळत्यात घातलं तर वास घरभर आणि सॉसमध्ये काहीच नाही. आणि पाव चमचा इन्स्टंट कॉफी घालून बघा, कॉफी लागत नाही पण चॉकलेट जास्त चॉकलेट लागतं.

परभणीचे एक वाचक, स्वतःला "नवशिका" म्हणवतात : मॅडम, मी चॉकलेटची स्लॅब आणून गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवून वितळवायलो होतो, वर झाकण ठेवलं लवकर व्हावं म्हणून. छान वितळलं आणि एकदम चिखल झाला, नांगरलेल्या काळ्या रानावानी ढेकळं. दुकानदाराने खराब माल दिला का?

दुकानदाराला सोडा, झाकणाला धरा. झाकणाची वाफ थेंब होऊन चॉकलेटात पडली. चॉकलेट म्हणजे चरबीत बसलेली साखरेची आणि कोकोची बारीक पूड, त्यात पाणी जवळजवळ नसतंच. दोन-चार थेंब पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकाला चिकटतात आणि सगळं आळतं. काळ्या रानाची उपमा तुम्ही दिलीच आहे म्हणून सांगते, काळी माती थोडी भिजली की पायाला चिकटते आणि भरपूर पाणी झालं की वाहून जाते, इथंही तसंच. थेंबभर पाण्याने बिघडलेलं चॉकलेट चमचाभर पाण्याने दुरुस्त होतं. १०० ग्रॅम चॉकलेटला साधारण २ ते ३ मोठे चमचे कडक गरम पाणी किंवा दूध, एकेक चमचा घालत जोरात फेटा. आधी अजून भयानक दिसेल, घाबरू नका, मग एकदम गुळगुळीत होतं. साच्यात घालून चॉकलेट करायला ते आता चालणार नाही, पण तुम्हाला सॉसच करायचा होता ना, मग कुठं बिघडलं.

पुढच्या वेळी तो पाण्यावर वाटी ठेवायचा उद्योगच नको. १०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरा, १०० मिली फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर हळूहळू ढवळा. आइस्क्रीमवर ओतायला अजून पातळ हवं तर आणखी २५ मिली क्रीम. कधी तेल सुटल्यासारखं दिसतं, तेव्हा चमचाभर कोमट दूध घालून फेटा, जमून येतं.

आणि स्लॅबच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. तिथं हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड, म्हणजे कोको बटर काढून त्याजागी स्वस्तातली वनस्पती चरबी. वाईट म्हणत नाही, मेमध्ये आपल्याकडं तेच हाताळायला सोपं जातं. पण टाळूला मेणासारखं बसतं. कोको बटर ३४ डिग्रीच्या आसपास विरघळतं, म्हणजे तोंडाच्या उबेने, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर नाहीसं होतं. आणि म्हणूनच ते आपल्याकडं उन्हाळ्यात किराणा दुकानाच्या फळीवरच नाहीसं होतं.

माजलगावहून एक मावशी लिहितात : बाई, सुनबाई साखर घालू देत नाही, म्हणून गुळाचा सॉस केला. दूध, कोको, गूळ सगळं एकत्र उकळलं. दूध फाटलं. गूळ तर गुऱ्हाळातनं आणलेला, चांगला होता.

मावशी, चांगला होता म्हणूनच फाटलं असं म्हणा. गुळात थोडा आंबटपणा असतो, दूध उकळताना गूळ पडला की फाटतं हे तुम्ही मला सांगावं, गुळाच्या चहात आपण दूध शेवटी का घालतो? त्यात कोकोही आंबट बाजूचाच. असं करा, पाऊण वाटी चिरलेला गूळ पाऊण वाटी पाण्यात विरघळवा आणि गाळून घ्या, गाळायचं विसरू नका, नाहीतर कचकच लागते. अर्धी वाटी कोको त्यातल्याच थोड्या पाण्यात कालवून घाला, ३-४ मिनिटं उकळा, गॅस बंद करा. बोट बुडवता येईल इतकं कोमट झालं की मग दोन-तीन चमचे साय, तीही फेटून, आणि त्यानंतर परत गॅसवर ठेवू नका. गुळाचा सॉस मला स्वतःला साखरेच्यापेक्षा जास्त आवडतो, त्याला एक खमंग वास येतो, वर जायफळ किसा थोडं.

बाजारात गडद रंगाचा कोको मिळतो, पाकिटावर अल्कलाइज्ड किंवा डच प्रोसेस लिहिलेलं असतं. तो क्षार लावून सौम्य केलेला, आंबटपणा कमी. एकोणिसाव्या शतकात व्हान हाउटेन या डच माणसाने ही पद्धत काढली म्हणून डच. गुळाबरोबर तो घेतलात तर बरं पडेल.

आणि सुनबाई साखर का घालू देत नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण शुगर असेल म्हणून असेल तर गूळ चालतो हा समज डोक्यातून काढा. गूळही साखरच आहे, रक्तात जाऊन तेच करतो. मग चमचाभर खा आणि डॉक्टरांना विचारून खा.

हिंगोलीतून, अकरावीतला मुलगा : आइस्क्रीमवर टाकला की कडक होऊन कटकन तुटतो तसला सॉस घरी होतो का?

होतो, आणि सगळ्यात सोपा तोच. १०० ग्रॅम चॉकलेट आणि २ मोठे चमचे खोबरेल तेल, एकत्र वितळव, झालं. खोबरेल म्हणजे खायचं, आईचं डोक्याला लावायचं वासाचं नाही, आधीच सांगून ठेवते. हिवाळ्यात सकाळी ती बाटली गोठलेली असते आणि गॅसजवळ ठेवावी लागते, बघितलंयस ना? हे तेल २४-२५ डिग्रीच्या खाली गेलं की घट्ट होतं. आइस्क्रीम शून्याच्याही खाली, त्यामुळे सॉस पडला की काही सेकंदात टणक. इथं मात्र पाण्याचा एक थेंबही नको, चमचा, वाटी सगळं कोरडं खडखडीत, आणि दुधाचं तर नावच नको. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलास तरी पातळच राहतो, हिवाळ्यात गोठला तर बाटली गरम पाण्यात उभी कर. शेंगदाण्याचा जाडसर कूट घाल, आपल्याकडं बदामाची काय गरज आहे.

धाराशिवहून : कोको पावडर मिळाली नाही म्हणून दुधात घालायची चॉकलेटची पावडर वापरली, सॉस नुसता गोड झाला.

होणारच. डबा बघा, घटकांच्या यादीत जे पहिलं नाव ते वजनाने सगळ्यात जास्त असतं, आणि तिथं बहुतेक साखरच असेल. त्यात परत तुम्ही साखर घातली. कोकोच आणा, छोटं पाकीट आणा, वर्षभर पुरतं.

जालन्याहून : चॉकलेटवर पांढरी बुरशी आलीय, सॉसला वापरू का? आणि केलेला सॉस किती दिवस टिकतो, आमच्याकडं लाइट सारखी जाती.

बुरशी केसाळ असते आणि वास मारते. तुमची बहुतेक पांढरट धूळ बसल्यासारखी असेल, तर ते कोको बटर आहे, उन्हात विरघळून वर आलं आणि रात्री गार होऊन बसलं. खुशाल वापरा, वितळलं की दिसणारही नाही. पाण्यातला कोकोचा सॉस उकळून कोरड्या बाटलीत भरला आणि चमचा कोरडा वापरला तर फ्रीजमध्ये दोन आठवडे आरामात. क्रीमचा किंवा सायीचा चार दिवस, आणि लाइट सहा-सहा तास जात असेल तर तो करूच नका, त्या दिवशी लागेल तेवढाच करा. किंवा वर त्या मुलाला सांगितलेला तेलाचा करा, त्यात पाणीच नाही त्यामुळे बाहेर राहतो.

अंबाजोगाईहून : सीताफळ रबडीवर गरम चॉकलेट सॉस ओतला, रबडी कडवट झाली. सॉस जळाला होता का?

सॉसचा दोष नाही. सीताफळाचा गर तापला की कडू होतो, म्हणून रबडीतही तो गार झाल्यावरच घालतात. पण मी म्हणते बालाघाटाचं सीताफळ हातात असताना चॉकलेट हवंच कशाला, त्याचा वास इतका नाजूक की कोकोने तो पार दडपून जातो. चॉकलेट केळ्यावर घाला. अर्धापूरची पिकलेली केळी उभी चिरा, तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी लाल करा, वरून लातूरच्या ताईंना सांगितलेला सॉस, गरमच. ते खाल्ल्यावर मला कळवा.

नांदेडहून, वय वर्षे नऊ, वडिलांच्या मोबाइलवरून : आमच्या मोत्याला चॉकलेट सॉस लई आवडतो, चाटून खातो. रोज दिला तर चालेल का?

नाही रे बाळा, रोज नाही आणि एकदाही नाही. कोकोत थिओब्रोमीन नावाचं काहीतरी असतं, ते आपल्याला पचतं पण कुत्र्याच्या अंगातून लवकर बाहेर पडत नाही, त्याला उलट्या होतात, छाती धडधडते, जास्त गेलं तर जीवावर बेततं. गडद कोकोचा सॉस तर अजून वाईट. आतापर्यंत खाल्लेल्याने तो ठीक आहे हे नशीब. आज परत चाटला असेल तर बाबांना हे वाच म्हणावं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. मोत्याला भाकरीचा तुकडा दे, तो तेवढ्यावरही शेपूट हलवेल.