फोन घ्यायच्या आधी उन्हात उभा राहा
भाऊ, मेगापिक्सेलच्या आकड्यामागे धावू नको. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेराही एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आधी फोन घेऊन दुकानाबाहेर ये, भर उन्हात स्क्रीन वाचता येते का बघ. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. केळीच्या बागेत उभं राहून भाव बघायचा तर स्क्रीनला हजारेक निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) उजेड हवाच. फोन तापला की उजेड आपोआप कमी होतो, चार्जिंगही मंदावतं.

मग वजन. २२० ग्रॅमचा फोन एका हातात दहा मिनिटं धर, करंगळीच सांगेल. बॅटरी ५००० एमएएच पुरे. स्टोरेज मात्र १२८ जीबीच्या खाली नको. जागा नाही म्हणून बहिणीच्या हळदीचे व्हिडिओ पुसले, ते अजून सलतं.